बुधवारची घंटा

॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

विक्रोळी
रविवार, १ जून

दीप्ती,

हे पत्र सुयोगच्या पिशवीत कोकमाच्या आगळाच्या बाटलीखाली ठेवते आहे. त्याला बजावलंय, बायकोच्या हातात दे, टेबलावर टाकू नकोस. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि पुन्हा पुन्हा वाजवत बसायला मला आवडत नाही. कागद पाठकोरा आहे, नावं ठेवू नकोस. आशीर्वाद आहेतच, सुनेला ते वेगळे लिहायला लागत नाहीत.

कामाचं लिहिते. मंगळवारी तुझ्या ऑफिसातली माणसं आमच्या डोंगरावर आली होती. मला वाटलं तूही असशील, म्हणून पोहे जास्तच भिजवले होते. तू नव्हतीस. पद्मजा मॅडम होत्या आणि विभाग कार्यालयातले नंदकुमार साहेब. देवळासमोर बॅनर लावला, 'हवामान बदलाच्या धोरणात महिलांचा दृष्टिकोन'. तुझ्या सासऱ्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे आता पावस तुमका इचारून पडतलो?"

मॅडमने पुरुषांना सरळ चहाच्या टपरीवर पाठवलं. मग विचारलं, "पावसाचा इशारा कोणाच्या फोनवर येतो?" सगळ्या म्हणाल्या, घरातल्या पुरुषांच्या. "दुपारी ते कुठे असतात?" कोणी अंधेरीला, कोणी मुलुंडला. खालच्या रांगेतल्या माधुरीचा नवरा नितेश तर तुमच्याच गोरेगावला स्टुडिओत लाईट उचलतो. "आणि दुपारी डोंगरावर कोण असतं?" आम्ही. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून डोंगराखाली राहते, पण हे मला कधी सुचलं नव्हतं बघ. इशारा अंधेरीला जातो आणि दरड अडवायची भिंत इकडे असते.

मग ठरलं की आम्हा सात जणींचे नंबर द्यायचे, प्रत्येकीला एक वार. इशारा सातही जणींना येणार, पण जिचा वार असेल तिने धावत जाऊन सगळ्यांना कळवायचं. कसं कळवायचं यावर बरीच बडबड झाली. भोंगा म्हणे, शिट्टी म्हणे. भोंग्याचे सेल कोण बदलणार? शेवटी रेवती म्हणाली, "अगं, देवीची घंटा आहे ना! वरच्या रांगेत माझ्या घरात ऐकू येते, खाली नळावरही ऐकू येते." तुझ्या लग्नात चष्मा हरवून सगळ्यांना शोधायला लावणारी तीच ती रेवती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फुकटची गोष्ट, सवयीची, वीज नको. घंटा न थांबता वाजली की हातातलं टाकून खाली शाळेत जायचं. वार मीच लावून दिले. सोमवार रेवतीचा, गुरुवार माझा, बुधवार माधुरीचा. धावायला ती सगळ्यात चपळ.

मॅडमने शाळेच्या संडासाची किल्लीसुद्धा विचारली, दिवे लागतात का ते विचारलं. असं कोणी आम्हाला विचारत नाही. बरं वाटलं. घंटेखाली उभं करून आमचा फोटो काढला. तुझ्या ऑफिसच्या पुस्तकात येईल म्हणे.

तू का आली नाहीस ते विचारत नाही. गौरीच्या वेळचं मी काढत नाही, तूही मनात ठेवू नकोस. देवाधर्माचं होतं ते, तुझ्याशी माझं काही वाकडं नाही.

आगळ फ्रीजमध्ये ठेवू नकोस, लागत नाही.

सौ. मालन काशीराम गावडे


विक्रोळी
रविवार, १३ जुलै

दीप्ती,

पेपरात आलंय त्यावर जाऊ नकोस. कोणी दगावलं नाही. देवीची कृपा.

बुधवारी, गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी पाऊस असा कोसळत होता की समोरची रांग दिसत नव्हती. फोनवर इशारा आला. मी पोथी वाचत होते. वाजलं ते ऐकलं आणि घंटेची वाट बघत बसले. सगळ्या तशाच बसल्या होत्या. तिने खिचडी टाकली, हिने मुलाला झोपवलं. घंटा नाही म्हणजे अजून वेळ आहे, असं प्रत्येकीला वाटलं. पूर्वी घंटेचं काही ठरलेलं नव्हतं, तेव्हा निदान भीती वाटून एकमेकींना हाका तरी मारायचो.

घंटा वाजली, पण उशिरा. तेवढ्यात वरच्या रांगेमागची भिंत रेवतीच्या घरात आली. तिचा पाय दगडाखाली सापडला. हाड दोन ठिकाणी मोडलंय, मांडीत सळई घालणार आहेत. मी रोज पेज घेऊन जाते. कालपर्यंत ती जागी झाली की विचारायची, "मालन, वाजली का गं?" औषधाच्या गुंगीत असेल.

बुधवार माधुरीचा होता हे तुला आठवत असेल. आता वस्तीभर चाललंय की ती मोबाईलवर सिरीयल बघत बसली. तिच्या सासूने तोंड फिरवलंय. नितेशने सगळ्यांदेखत तिचा फोन काढून घेतला. ती गप्प आहे. पोरांच्या मंडळाचा प्रीतम सांगत फिरतोय, "बायकांच्या हातात दिलं आणि वाट लागली."

का उशीर झाला, कोण जाणे. पावसात माणसाचं सुचणं बंद होतं.

तुझ्या ऑफिसात तुला कोणी बोललं तर नाही ना? त्या पुस्तकात आमचा फोटो छापून झाला म्हणे.

आगळाची बाटली परत आली, आणि आत साखर होती. मिळाली.

मालन


विक्रोळी
रविवार, २० जुलै

दीप्ती,

सुयोगने चिठ्ठी दिली. दोन वर्षांत तुझ्या हातचं पहिलं अक्षर, आणि त्यात एवढंच, 'आई, माधुरी त्या दिवशी बाजूला होती का?'

चिठ्ठी मी पिठाच्या डब्याखाली सरकवली. मग काढली. मग पुन्हा सरकवली. आठवडाभर माझं हेच चाललंय. जप करताना मणी कुठे आला ते विसरते. काल डाळीत दोनदा मीठ घातलं. हे म्हणाले, "काय गो, समुद्र आणलंस काय ताटात?"

होती.

तू लगेच ओळखलंस. तूच ओळखणार.

झालं असं. फोन वाजला तशी माधुरी देवळापर्यंत धावत गेली. पायरीवर थांबली. तिचा दुसरा दिवस होता. शिवायचं नसताना आत कशी जाणार, घंटेला हात कसा लावणार? देवळात चिटपाखरू नव्हतं, कुंडलिक पुजारी जेवायला गेलेला. मग ती तशीच माझ्याकडे आली, माझा गुरुवार म्हणून नाही, तर गाभारा पुसायचा मान माझा म्हणून. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली. "काकी, तुम्ही चला. मला जमणार नाही." मला एका शब्दात कळलं. बायकांना कळतंच.

आणि मी काय म्हटलं सांगू? "आत येऊ नकोस गं, पोथी उघडी आहे." मग पोथी मिटली, नमस्कार केला, चपला शोधल्या. गुडघा धरून देवळाच्या पायऱ्या चढले. ती माझ्या मागे, दोन हात अंतर ठेवून. हात धरायलाही तिने मला शिवलं नाही. मी साखळी हातात घेतली आणि वरून आवाज आला. डोंगर बोलल्यासारखा आवाज.

जा, वाजव, असं मी दारातूनच म्हटलं असतं तर ती वाऱ्यासारखी गेली असती. पण ते माझ्या तोंडात आलंच नाही. आलं आणि मी गिळलं, असंसुद्धा नाही. आलंच नाही. तेच मला झोपू देत नाही.

पद्मजा मॅडमने किल्ली, दिवे, म्हातारी माणसं, गरोदर बाया सगळं विचारलं होतं. एवढं एक विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. आठवड्याचे सात वार लावले तेव्हा सातांतल्या चौघी अजून दर महिन्याला बाजूला बसतात हे माझ्या डोक्यात होतं का? एरवी हळदीकुंकवाला कोणाला कधी बोलवायचं ते मला बरोबर आठवतं.

आता साहेब म्हणतात, शुक्रवारच्या सभेत महिलांचे नंबर काढून मंडळाकडे देऊ. म्हणजे इशारा परत अंधेरीला. आणि माधुरीचं नाव कायमचं आळशी म्हणून. तिला विचारलं, "तू का सांगत नाहीस गं?" तर म्हणाली, "पुरुषांपुढे काय सांगू काकी? आणि सांगितलं तर तुम्हीच म्हणाल, पुरुषांपुढे बोलली."

म्हटलं असतं.

तू ऑफिसात सांग ना. तुझं शिक्षण आहे, तुला शब्द येतात. मी मॅट्रिक झालेली बाई, सभेत कधी उभी राहिले नाही.

गौरीच्या दिवशी तू घावनं केलीस आणि मला नंतर कळलं, तेव्हा पाहुण्यांसमोर मी ती सगळी गाईला घातली. तू तेव्हा म्हणालीस, "आई, भूक लागलेल्या माणसाला देवी असं विचारते का?" मला तो उद्धटपणा वाटला होता. अजूनही थोडा वाटतो. पण हल्ली ते वाक्य भांडी घासताना आठवतं.

मालन


विक्रोळी
रविवार, ३ ऑगस्ट

दीप्ती,

तुझी दुसरी चिठ्ठी मिळाली. 'आई, मी ऑफिसात सांगितलं तर ते कागदावर जाईल. वस्तीत तुम्हीच सांगायला हवं.' वाचून आधी तुझा राग आला. सुटून गेली, म्हटलं, आणि मला पुढे केलं.

सभा एक आठवडा पुढे गेली, परवाच्या शुक्रवारी झाली. देवळाच्या अंगणात ताडपत्रीखाली. पुरुष खुर्च्यांवर, आम्ही सतरंजीवर.

साहेब म्हणाले, "महिलांना आपण संधी दिली, प्रतिसाद अपुरा पडला. आता नंबर मंडळाकडे देऊ."

प्रीतम लगेच, "आम्ही बघतो ना साहेब. काय टेन्शन नाय."

मी बसल्या जागेवरूनच विचारलं, "प्रीतम, बुधवारी दुपारी तू कुठे असतोस रे?"

"दुकानावर, काकी. भांडुपला."

"मग घंटा काय भांडुपवरून वाजवणार?"

बायका हसल्या. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "ठीक आहे, पण त्या बाईंनी का वाजवली नाही? कारण सांगा, मी लिहून घेतो."

माधुरीने मान इतकी खाली घातली की तिची वेणी जमिनीला लागली. मी उभी राहिले. गुडघ्यात कळ आली.

"ती बाजूला होती," मी म्हटलं.

सगळ्या जणी सतरंजीकडे बघायला लागल्या. हे खुर्चीतून म्हणाले, "मालन, खाली बस गो." मी बसले नाही.

साहेब म्हणाले, "बाजूला म्हणजे? कुठे गेल्या होत्या?"

मागे पोरं फिदीफिदी हसली. साहेब चांगल्या घरचे आहेत, पण आता त्यांना कसं समजावणार? डोळे मिटून म्हटलं, "कुठे गेली नव्हती. देवळाच्या पायरीपर्यंत गेली होती. मासिक पाळी होती तिला. आत शिरली नाही, कारण तसं शिकवलंय तिला. मीच शिकवलंय. या नंबरांतल्या चौघींना दर महिन्याला हे असतं, आणि पाऊस काही त्यांचे दिवस सोडून पडत नाही. लिहा आता."

साहेबांचं पेन तिथेच थांबलं. पद्मजा मॅडम म्हणाल्या, "लिहा सर. असंच्या असं लिहा."

नितेश उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने परत आला आणि माधुरीच्या मांडीवर तिचा फोन ठेवून मागे जाऊन उभा राहिला. एवढंच केलं त्याने. पण सगळ्यांनी बघितलं.

कुंडलिक पुजारी मात्र म्हणाला, "काकी, तुम्ही हे बोलताय? गाभाऱ्याचा मान तुमचा!"

"म्हणून तर तुझ्यापुढे बोलतेय. दुसरी बोलली असती तर तू ऐकलं असतंस का?"

मग वाद लांबला. कोणी म्हणालं घंटा बाहेर टांगा, शिवायचा प्रश्नच नको. कुंडलिक म्हणाला, देवीला विचारल्याशिवाय घंटा हलणार नाही. काल सकाळी कौल लावला. तू गावी बघितलंयस, देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या लावायच्या आणि उजवी पडली तर हो. डावी पडली. घंटा आत राहणार.

मग मधला रस्ता काढला. घंटेच्या लोळ्याला नायलॉनची दोरी बांधून खिडकीच्या जाळीतून बाहेर काढली. पायरीवर उभं राहून ओढायची. दोरी मीच दिली, कपडे वाळत घालायची होती, वाया कशाला घालवा. साहेबांनी लिहिलं, नंबर महिलांकडेच राहतील. तूर्त.

तुला खोटं सांगत नाही, दोरीचा आवाज बरोबर येत नाही. एकाच अंगाला टण् लागते. वरच्या रांगेत कितपत पोचेल देव जाणे. आणि आणखी एक मनात येतं. देवीला आपण विचारलं, घंटा हलवू का. नको म्हणाली. माधुरीने आत यावं का, हे कोणी विचारलंच नाही. मला सुचलं होतं. उत्तराला भ्याले मी.

रेवतीला जाऊन सगळं सांगितलं. ती हसली, मग पाय दुखला म्हणून रडली. म्हणाली, "सभेत उभी राहिलीस? तू? कोणती साडी नेसली होतीस?"

मालन


विक्रोळी
रविवार, १० ऑगस्ट

दीप्ती,

काल नारळी पौर्णिमा झाली. नारळीभात पाठवते आहे, स्टीलच्या डब्यात. लवंग जरा जास्त पडल्येय.

बुधवारी पुन्हा लाल इशारा आला. पुन्हा दुपारी, पुन्हा माधुरीचाच वार. सकाळपासून आभाळ काळं, मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. कॅलेंडर बघायची गरज नव्हती. मागच्या वेळेला चार आठवडे भरले होते, आणि सकाळी नळावर ती माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली, तेव्हाच मला कळलं होतं.

फोन वाजला. मी गॅस बंद केला. ऐकते तर टण्. टण्. आणि मग काही नाही.

दोरी, दीप्ती. माझी वाचवलेली दोरी. उन्हात राहून राहून विरली होती, जाळीच्या कडेला तुटली.

मी दारात उभी राहिले. पाऊस इतका की हाक मारली असती तर माझी मलाच ऐकू आली नसती. वरच्या रांगेत कोणाचं दार उघडत नव्हतं. पुन्हा सगळ्या घंटेची वाट बघत बसलेल्या असणार. मी चपलेत पाय घातला, देवळाकडे बघितलं, आणि म्हटलं, आई सातेरी, या पोरीला...

पुढचं मला म्हणता आलं नाही. काय मागत होते ते मला ठाऊक होतं. शब्द झाला नाही.

आणि घंटा वाजली. दोरीची नव्हे. आत उभं राहून, दोन्ही हातांनी साखळी धरून वाजवतात तशी, आरतीला वाजते तशी. थांबतच नव्हती. वरच्या रांगेतली दारं धडाधड उघडली. पोरं, म्हातारी, गॅसवरची भांडी तशीच टाकून बायका. ह्यांना मी हाताला धरून ओढलं. छत्री शोधत होते. म्हटलं, "छत्री राहू द्या, तुम्ही चला."

आम्ही शाळेत पोचलो तरी ती वाजतच होती. सगळे आलेत असं कोणीतरी वर जाऊन सांगितलं तेव्हा थांबली. नंतर वरच्या रांगेत मागचा चिखल घरांत शिरला. घरं रिकामी होती. गाद्या भिजल्या, टीव्ही गेले. माणसं शाळेत बसून चहा पीत होती.

माधुरी सगळ्यात शेवटी आली. कोपऱ्यात बसली, निथळत. तळहातावर साखळीचा वळ. माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते म्हणून. मी चहाचा माझाच पेला तिच्या हातात दिला आणि पदराने तिचं डोकं पुसलं. तिथे सगळ्यांना काय कळलं आणि काय नाही, ते त्यांचं त्यांनी बघावं.

दुसऱ्या दिवशी कुंडलिक आला. म्हणाला, "काकी, दोरी तर तुटलेली दिसते. मग घंटा वाजवली कोणी?"

"देवीलाच विचार ना," मी म्हटलं. "कौल लाव."

त्याने लावला नाही. जाताना म्हणाला, "नवी दोरी बांधायची का?"

"नको," म्हटलं.

गुरुवारी गाभारा पुसायला गेले. गोमूत्राची बाटली फळीवर होती, ती तिथेच राहू दिली. रोज पुसते तसंच पुसलं. देवीच्या तोंडाकडे बघायला आधी धीर होत नव्हता. मग बघितलं. नेहमीसारखीच होती.

हे सगळं तू तुझ्या अहवालात कसं लिहायचं ते तुझं तू बघ. मला त्यातलं कळत नाही. एवढं मात्र लिही की पुढच्या वस्तीत जाल तेव्हा किल्ली आणि दिव्यांच्या आधी हे विचारा. आणि पद्मजा मॅडमनी एकटीने विचारू नये. तिथली एखादी माझ्यासारखी म्हातारी शोधून तिला विचारायला लावावं. तिच्यापुढे बायका लाजतात, कारण नियम तिचेच असतात.

गौरी महिनाअखेरच्या रविवारी येतात. दरवर्षी कॅलेंडर आणलं की मी तुझ्या तारखेभोवती पेन्सिलने गोल करायची आणि तुला त्याची चीड यायची. या वर्षीच्या पानावर गोल नाही. तू गेल्यावर करायचं कारणच उरलं नव्हतं, आणि आता करणार नाही. घावन-घाटलं मला एकटीला उरकत नाही, हात दुखतात. सकाळी लवकर आलीस तर पहिलं घावन तूच घाल. कधी, कसं, काही विचारणार नाही.

नारळीभाताचा डबा परत द्यायला सुयोगला पाठवू नकोस.

आई